सगळ्यांसाठी एकच वाक्य

माझ्या वहिनीला इस्पितळाच्या धुलाईखान्यात सगळे फौजदार म्हणतात. पाठीमागे म्हणतात, तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही. आमचा धुलाईखाना तळघरात आहे. वरच्या मजल्यांवर माणसाच्या अंगातून जे काही बाहेर पडतं, ते चादरींवर बसून आमच्याकडे येतं. वहिनी निवडीच्या टेबलाशी उभी असते. रक्ताच्या चादरी एका बाजूला, औषधाच्या दुसऱ्या बाजूला, नुसत्या मळक्या तिसरीकडे. रक्ताला आधी गार पाणी लागतं. गरम पाण्यात टाकलं की डाग जो बसतो, तो चादर फाटेपर्यंत जात नाही. नवीन आलेल्या बाईनं ही चूक केली की फौजदाराच्या तोंडाचा पट्टा सुटतो. मग ती बाई एकतर ती चूक पुन्हा करत नाही, नाहीतर नोकरी सोडते.

मी तिची नणंद. तिच्यापेक्षा वयानं लहान, पण मानानं मोठी, म्हणून इतकी वर्षं एका घरात आणि एका कामावर काढूनही ती मला वन्सं म्हणते आणि अहोजाहो करते. मी तिला सरळ अगंतुगं करते. लग्न मी केलं नाही, दादाकडेच राहिले, आणि त्यावर मला काही बोलायचं नाही. निवड उरकली की आम्हा दोघींचं काम एकच, चादरींच्या घड्या घालायच्या. इस्त्रीच्या रुळातून चादर बाहेर आली की दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, मागे सरून ताणायची, मग पुढे येऊन टोकाला टोक मिळवायचं. बोलायचं ते टोकं जुळतात तेवढ्यात, कारण लांब गेलं की यंत्रांच्या घरघरीत काही ऐकू येत नाही. आमची अख्खी आयुष्यं आम्ही एकमेकींना अशी तुकड्यातुकड्यानं सांगितली आहेत.

तिला गप्प बसता येत नाही, असं लोक म्हणतात. खरं आहे. पण आमच्याकडे गप्प बसणाऱ्यांचा एवढा सुकाळ आहे की एखादी बोलणारी असलेली बरी. ती बोलली म्हणून काय काय झालं, ते मी सांगते. लोक ते वेगळंच सांगत फिरतात, आणि ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

वहिनीला एकुलता एक मुलगा. घरात त्याला भुंगा म्हणायचो, कारण पोरगं सतत काहीतरी गुणगुणत असायचं. जेवताना, अभ्यास करताना, शिव्या खातानासुद्धा. भुंगा सैन्यात गेला, आणि का गेला तेही सांगून टाकते, कारण व्यासपीठावरून त्याबद्दल भलतंच सांगतात. तो कुठल्याही भावनेनं पेटून वगैरे गेला नव्हता. मुलाखती देऊन देऊन त्याच्या बुटांचे तळ झिजले, आणि सैन्यात भरती चालू होती. देशावर त्याचं प्रेम नव्हतं असं मुळीच नाही. तुमचं-माझं असतं तेवढं होतं. पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा खांदे रुंद झाले होते आणि गुणगुणणं तेवढंच होतं. दुसऱ्या सुट्टीवर तो आला नाही.

त्याच्याऐवजी एक अधिकारी आला. मागे एक शिपाई टोपी काखेत धरून उभा. कर्तव्य बजावताना वीरमरण आलं, एवढं तो उभ्या उभ्या बोलला. कुठे, कसं, कोणामुळे, काही नाही. पेटी आली ती बंद. उघडू नका, असं बजावून सांगितलं. वहिनीनं झाकणावर हात ठेवला, आणि तो काढायला आम्हा तिघा-चौघांना जोर करावा लागला. दादा भिंतीला टेकून बसला होता. दादा बसच्या आगारात मेकॅनिक आहे. मुळात कमी बोलणारा माणूस, त्या दिवसापासून त्यानं भुंग्याचं नाव घेणंच सोडलं. घरात नाव निघालं की उठून जिन्यात जाऊन उभा राहायचा.

आमच्या चौकात एक दगडी स्तंभ आहे. इथून सैन्यात जाऊन जे परत आले नाहीत, त्यांची नावं त्यावर आहेत. दरवर्षी ठरलेल्या दिवशी तिथे स्मरणदिन होतो. रस्ता बंद करतात, मांडव घालतात, पुढच्या रांगेत आम्हा घरच्यांना पांढरे अभ्रे घातलेल्या खुर्च्या देतात. मग भाषणं. भाषणं किती आणि कसली, ते तुम्हाला माहीत आहे. शेवटी हजेरी होते. ही हजेरी मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही. सैन्यात सकाळी घेतात तशी. निवेदक एकेका मुलाचं पूर्ण नाव पुकारतो, आणि त्याच्या घरचं जे कोणी असेल त्यानं उभं राहून म्हणायचं, हजर. आई म्हणते, बाप म्हणतो, एखादी बायको म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं.

निवेदक म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. नाव पुकारायच्या आधी ते एक वाक्य म्हणायचे. ‘शत्रूच्या गोळ्या छातीवर झेलून मातृभूमीच्या कुशीत विसावलेला आपला वीर’, आणि मग नाव. हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा लिहिलं ते शिंपीकाकांच्या मुलासाठी. तो खरोखरच सीमेवर गोळी लागून गेला होता. वाक्य ऐकून तेव्हा अख्खा चौक रडला. मग हेडमास्तरांनी दुसऱ्यालाही तेच लावलं. मग तिसऱ्याला. करता करता आमच्या सगळ्या पोरांना त्याच गोळ्या लागल्या, सगळ्यांच्या छातीवरच लागल्या आणि सगळेच कुशीत विसावले. एवढ्या वर्षांत दुसरं वाक्य लिहायचे कष्ट त्या माणसाला झेपले नाहीत.

वहिनी काही वर्षं हजर म्हणाली. तिचा आवाज सगळ्यात मोठा असायचा. समारंभाला ती नावं ठेवायची, व्यासपीठावरच्या अध्यक्षांच्या पोटावरून आणि हेडमास्तरांच्या घसा खाकरण्यावरून आमची मस्करी चालायची, पण त्या दिवशी ती सुट्टी टाकायचीच. कोण काय बोलतं याच्याशी मला देणंघेणं नाही, म्हणायची. माझ्या मुलाचं नाव भर चौकात मोठ्यानं घेतात, तेवढ्यासाठी मी जाते.

मग एके दुपारी भुंग्याचा मित्र आला. त्याच्याच तुकडीतला, पायानं अधू होऊन सैन्यातून बाहेर पडलेला. स्वयंपाकघरात बसला, चहा गार होऊ दिला आणि खाली बघून बोलत राहिला. युद्ध नव्हतंच, म्हणाला. सराव चालू होता. वरचे कोणी मोठे साहेब पाहणीला यायचे होते, म्हणून यांच्या साहेबांना घाई. नदीला पाणी चढलेलं. थोडं खाली गेलं की पूल होता, पण पुलावरून जाण्यात दाखवण्यासारखं काय? दोर बांधला आणि एकेकाला पाण्यात उतरवलं. भुंग्यानं साहेबांना सांगितलं, मला पोहता येत नाही. साहेब म्हणाले, दोराला येतं का? सगळे हसले. मग दोर तुटला.

त्या पोरानं गार चहा बाजूला सारला. मग म्हणाला, “काकू, तेव्हा मीपण हसलो होतो.”

दादा उठून जिन्यात गेला. वहिनीनं त्या मुलाला ताट वाढलं. तो जेवेना, तेव्हा दटावून जेवायला लावलं. जाताना तिनं त्याला फक्त साहेबाचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं, आणि त्या साहेबाला नंतर बढती मिळाली हेही सांगितलं.

वहिनीनं वर अर्ज केले. उत्तर आलं की चौकशी पूर्ण झाली आहे. काय निघालं चौकशीत, असं विचारलं तर पुन्हा तेच उत्तर आलं, फक्त सही बदललेली. शेवटी ती मला घेऊन हेडमास्तरांकडे गेली. तिचं मागणं एवढंसं होतं. माझ्या मुलाला गोळी लागली नाही, तेवढं वाक्य त्याच्यापुरतं काढा. सरावात, साहेबाच्या हुकुमामुळे बुडाला असं म्हणा. तेही जमत नसेल तर नुसतं नाव घ्या.

स्मरणदिन समितीचे अध्यक्ष तिथेच बसले होते. लोखंडाचे व्यापारी आहेत, दुकानाच्या पाटीवर स्वतःचा फोटो आहे. दोघांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि गोड बोलायला सुरुवात केली. हेडमास्तर म्हणाले, “बाई, बुडाला म्हटलं तर ऐकायला कसं वाटेल? लोक श्रद्धेनं येतात.”

“मला कसं वाटतं ते विचारलंत का कधी?”

अध्यक्ष म्हणाले, वहिनी, मान मिळतोय ना, मग खोलात कशाला शिरायचं. एकाचं बदललं तर उद्या प्रत्येक जण येईल. आणि सैन्याच्या साहेबांवर जाहीर बोट दाखवायचं म्हणजे गंमत आहे का. बोलता बोलता ते घड्याळ बघत होते. मी त्या घरात काही बोलले नाही, कारण बोलले असते तर पाण्याचा पेला कोणाच्या तरी अंगावर गेला असता. वहिनीही नेहमीसारखी भांडली नाही. चप्पल घालताना एवढंच म्हणाली, ठीक आहे.

त्या वर्षीचा स्मरणदिन. मांडव, अभ्रे, भाषणं, सगळं तेच. हेडमास्तरांनी घसा खाकरला आणि हजेरी सुरू केली. शिंपीकाकांनी हजर म्हटलं. ते त्या दिवसासाठी दरवर्षी स्वतःच्या हातानं कोट इस्त्री करतात. मग भुंग्याची पाळी आली. शत्रूच्या गोळ्या छातीवर झेलून, वगैरे वगैरे, आणि नाव.

वहिनी उभी राहिली आणि म्हणाली, “गैरहजर.”

हेडमास्तरांना वाटलं आपणच चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा नाव पुकारलं. ती पुन्हा म्हणाली, “गैरहजर. त्याला गोळी लागली नाही. त्याला पुराच्या पाण्यात उतरवलं, बुडवलं. का ते विचारा आणि मग हजेरी घ्या.”

ध्वनिक्षेपक बंद करायची काही गरज नव्हती, तिच्या हातात तो नव्हताच. तरी कोणीतरी घाईघाईनं बंद केला. एक पोलीस पुढे आला, वहिनीकडे बघून परत मागे गेला. हेडमास्तरांनी पुढची नावं वाक्य न म्हणताच भरभर उरकली. कोणी हजर म्हणालं, कोणी नुसतंच उभं राहून खाली बसलं.

आता खरी गंमत. दुसऱ्या दिवसापासून जो तो शहाणा झाला. समितीनं नगरपालिकेच्या सभागृहात बैठक लावली आणि विषय ठेवला की स्मरणदिन यापुढे चालू ठेवावा का. बघा, वाक्य बदलायचा विषय नाही, अख्खा दिवसच बंद करायचा विषय. एक वकील उठले आणि म्हणाले, अशा समारंभांनी युद्धाचं खूळ वाढतं, शहाण्या समाजानं हे सोडून द्यावं. दुकानदार म्हणाले, रस्ता बंद होतो, गिऱ्हाईक परत जातं. कॉलेजातले एक सर म्हणाले, शोक ही खाजगी गोष्ट आहे. दुसऱ्या बाजूनं एक जण टेबल आपटून ओरडला, चालू ठेवलंच पाहिजे, नाहीतर उद्या सैन्यात कोण जाईल. त्याचा स्वतःचा मुलगा परदेशात हॉटेल चालवतो. बंद करा म्हणणाऱ्यांत एकाच्याही घरातून कोणी गेलेलं नव्हतं, आणि चालू ठेवा म्हणून ओरडणाऱ्यांतही नव्हतं. ज्यांच्या घरातलं गेलं ते मागच्या बाकांवर बसले होते, आणि त्यांना कोणी विचारलं नाही. शेवटी अध्यक्षांनी हात जोडले. कुटुंबीयांनाच हा दिवस नको असेल तर आम्ही कोण, म्हणाले. झालं. स्मरणदिन बंद झाला, खापर वहिनीच्या डोक्यावर फुटलं आणि सगळे हात झटकून घरी गेले.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. बाजारात बायका तोंड फिरवायच्या. धुलाईखान्यातसुद्धा कुजबुज व्हायची, आणि फौजदार टेबलाशी मान खाली घालून चादरी निवडत राहायची. एका बाईनं रक्ताची चादर सरळ गरम पाण्यात टाकली आणि वहिनी तिला काहीच बोलली नाही. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

मग शिंपीकाका आले. आमची पाळी सुटायच्या वेळी इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी उभे होते, गळ्यात मापाची फीत तशीच. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले नाहीत.

म्हणाले, “माझ्या मुलाला खरंच गोळी लागली होती. तुम्ही तसं बोललात आणि आता लोक त्याच्या गोळीवरपण हसतात. दुकानात येऊन विचारतात, काका, तुमच्याकडची तरी खरी ना?”

वहिनी म्हणाली, मी तुमच्या मुलाबद्दल बोलले नव्हते.

“माहीत आहे. पण माझी बायको गेली, मुलगी लांब असते. घरात त्याचं नाव घेणारा मी एकटा. वर्षातून एकदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळायचं. वाक्य खोटं असेल बाकीच्यांचं. नाव तर खरं होतं ना. तेपण घालवलंत.”

ते फितीशी चाळा करत थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले.  घरी जाताना रस्ताभर मी बडबडत होते. त्या म्हाताऱ्याची चूक नाही हे मला कळत होतं, आणि म्हणूनच जास्त चिडले होते. तिनं मागितलं खरं वाक्य, यांनी नावंच काढून घेतली, आणि आता ज्यांचं गेलं तेच दोघं एकमेकांसमोर उभे. लोखंडवाला आपल्या दुकानात मजेत बसलेला.

दुसऱ्या दिवशी घडी घालताना टोकं जुळली तेव्हा ती म्हणाली, “वन्सं, आपण पुकारू.”

मी विचारलं, काय?

“नावं. त्यांना नको असेल तर राहू दे. स्तंभ काही त्यांच्या बापाचा नाही.”

सुट्टीच्या दिवशी आम्ही घरोघर फिरलो. एका घरात एका आईनं दार उघडून पुन्हा लावलं. एका घरात बाईनं आत बोलावलं, सगळं ऐकलं आणि नवऱ्याला विचारून सांगते म्हणाली. नवरा आतच होता, खोकत होता. एका आईनं तर वहिनीला तोंडावर सांगितलं की तुझं खरं तू तुझ्या घरात ठेव, मला माझ्या गोळीवर जगू दे. वहिनी तिला म्हणाली, तुम्ही गोळीच सांगा, मी काही तपासायला येणार नाही. तुम्हाला जे माहीत आहे ते सांगायचं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. शिंपीकाकांकडे ती सगळ्यात शेवटी गेली. त्यांच्या पाया पडायला वाकली, तर ते मशीनमागून उठून मागेच सरले. नावं तुम्ही पुकाराल का, एवढंच तिनं विचारलं. तुमचा आवाज साफ आहे, म्हणाली. ते पुन्हा मशीनवर बसले आणि शिवायला लागले.

स्मरणदिनाचा तो दिवस आला. सकाळची वेळ, रस्ता चालू, मांडव नाही, खुर्च्या नाहीत. आम्ही स्तंभाच्या चौथऱ्याला खेटून उभे राहिलो, कारण त्याच्यापुढे पाऊल टाकलं तर गाड्याच अंगावर येत होत्या. फार नाही, सात-आठ घरची माणसं आली. जिनं दार लावलं होतं तीही आली आणि सगळ्यांपासून लांब उभी राहिली. शिंपीकाका कोट घालून आले. दादा आला नाही असं मला वाटलं, पण मग तो मला रस्त्यापलीकडे दिसला, आगाराचे ग्रीसचे कपडे अंगावर, बंद दुकानाच्या शटरला पाठ लावून. जाणारे येणारे बघत होते. एका गाडीवाल्यानं आमच्यासाठी कर्कश भोंगा वाजवला. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

काकांनी सगळ्यांत आधी स्वतःच्या मुलाचं नाव पुकारलं आणि स्वतःच हजर म्हणाले. मग म्हणाले, गोळी लागली, इथे, आणि गळ्याखाली बोट ठेवलं. छातीवर नव्हती. मला ते नवीन होतं, सगळ्यांनाच नवीन होतं. मग त्यांनी पुढचं नाव घेतलं. एक बाप म्हणाला, गाडी दरीत गेली. एक बायको म्हणाली, मला सांगितलंच नाही, विचारलं तर म्हणतात गुप्त आहे. लांब उभी होती ती आई म्हणाली, गोळी, आणि थोडं थांबून म्हणाली, तसं मला सांगितलंय. कोणी रडलं नाही. प्रत्येक जण बोलून झाल्यावर जरा सरळ उभा राहत होता, एवढं मात्र मी पाहिलं.

भुंग्याचं नाव आलं.

वहिनी म्हणाली, “हजर. सराव होता. पूल असताना पुराच्या पाण्यात उतरवलं. मला पोहता येत नाही असं त्यानं सांगितलं होतं. साहेबानं चेष्टा केली. दोर तुटला.”

मला वाटलं झालं. काकांनाही वाटलं, त्यांनी पुढच्या नावासाठी तोंड उघडलं. तिनं हात वर केला.

“त्याला पोहता येत नव्हतं, कारण मी शिकू दिलं नाही. शाळेची सगळी पोरं तलावावर जायची. हा माझ्या मागे लागायचा, आई, जाऊ दे ना. मला पाण्याची भीती. मी त्याला घरात कोंडून घालायचे. ते दार मी लावलंय. हेपण सांगायचं होतं.”

इतकी वर्षं मी तिच्यासमोर उभी राहून चादरींच्या घड्या घातल्या. असं एकही दुखणं नव्हतं जे टोकं जुळताना तिनं मला सांगितलं नव्हतं. हे मात्र तिनं कधी सांगितलं नाही. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं की आईनं मुलाला पाण्यापासून लांब ठेवलं तर तो गुन्हा नाही, सगळ्या आया ठेवतात. पोराला पाण्यात ढकलणारा वेगळा आहे. पण तेवढ्यात माझी नजर पलीकडे गेली. रस्त्यापलीकडून दादा चालत येत होता. गाड्या करकचून थांबत होत्या, माणसं त्याला शिव्या देत होती, आणि तो सरळ येत होता. तिच्याजवळ येऊन उभा राहिला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून ते नाव आलं. पूर्ण नाव नाही, घरातलं. “भुंगा रुसायचा नाही त्यावर,” एवढंच म्हणाला. “खिडकीतून गाणी म्हणत बसायचा.”

वहिनीनं पदरानं तोंड पुसलं. मग काकांकडे वळली आणि म्हणाली, अजून एक नाव पुकारा. तिनं नाव सांगितलं. त्या साहेबाचं, बढतीनंतरच्या हुद्द्यासकट.

काका गोंधळले. म्हणाले, तो तर जिवंत आहे.

“म्हणूनच. माझा वाटा मी सांगितला. त्याचा त्याला सांगू दे.”

म्हाताऱ्यानं कोटाची गुंडी लावली. आधीची सगळी नावं पुकारली होती त्याच आवाजात, तेवढ्याच सावकाश, त्यानं ते नाव पुकारलं. उत्तर आलं नाही. वहिनी म्हणाली, पुन्हा पुकारा. त्यानं पुन्हा पुकारलं. सिग्नल सुटला, गाड्या आमच्या अंगाजवळून गेल्या, सिग्नल पुन्हा पडला. कोणीही जागचं हललं नाही. त्या माणसानं कुठूनतरी येऊन हजर म्हणावं म्हणून आम्ही थांबलो होतो.